सांडव्यावरची घरं

तळ्याकाठची घरं दाखवायची वेळ संध्याकाळी साडेचारनंतरची. ऊन तिरपं झालं की पाणी चमकायला लागतं, पलीकडच्या बाभळी पाण्यात उलट्या दिसतात आणि घर बघायला आलेला तरुण आपोआप बायकोच्या तोंडाकडे बघतो. ती हसली की माझं निम्मं काम झालेलं असायचं. सकाळी मी कुणालाही बोलवत नसे, कारण सकाळी तिथं गावच्या म्हशी धुवायला यायच्या. एप्रिल-मे महिन्यांत तर रंगकाम चालू आहे, दिवाळीच्या सुमाराला या, असं सांगायची. त्या दिवसांत पाणी पार मध्यावर जायचं, चिखल उघडा पडायचा आणि वास सुटायचा.

मी मूळची वाईची. लग्न होऊन सांगलीत आले. यजमानांचा छोटा छापखाना बंद पडला तेव्हा ओळखीनं एका बांधकाम व्यावसायिकाच्या साइट ऑफिसात बसायला लागले. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक पंखा आणि भिंतीवर लेआउटचा मोठा नकाशा. सुरुवातीला फोन घ्यायचे. मग गिऱ्हाइकांना घरं दाखवायला लागले आणि ते मला इतकं जमलं की मालक प्रत्येक नव्या साइटवर आधी मला बसवायचे. एकोणीस वर्षं मी हे काम केलं. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं की गमतीचे अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. थोड्या लिहिते, पण मला लिहायचं आहे ते वेगळंच.

खटावकडचे एक निवृत्त सुभेदार घर बघायला आले. त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली आणि प्रत्येक खोलीत फरशीवर ठेवून बघितली. गोटी जागची हलली नाही तर खोली पास. न्हाणीत मात्र ती मोरीकडे जायला हवी होती. ती उलट दाराकडे आली. सुभेदारांनी गोटी उचलली, मला म्हणाले, "तुमचं पाणी घरात येणार, बाई," आणि निघून गेले. मालकांनी त्या ओळीतल्या सगळ्या न्हाण्या फोडून पुन्हा केल्या. फलटणच्या एक सासूबाई बोअरचं पाणी बाटलीत भरून घरी घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. डाळ शिजली, घर बुक करा.

या धंद्यात शिकलेली मुख्य गोष्ट सांगते. पहिलं घर घेणाऱ्या जोडप्याला फरशी, नळ, खिडक्या दाखवायच्या आधी सध्याचे घरमालक कसे आहेत ते विचारायचं. मग ते बोलत सुटतात. पाणी एकच वेळ सोडतात, पाहुणा आला की तोंड वाकडं करतात, भिंतीला खिळा मारू देत नाहीत. हे खिळ्याचं इतक्या जणांकडून ऐकलं की मी नमुन्याच्या घरात एक हातोडी आणि खिळ्यांचा डबाच ठेवला. बोलून झालं की त्यांना भिंतीपाशी न्यायची आणि म्हणायची, मारा खिळा, तुम्हाला हवा तिथं. काही जण लाजायचे. काही बायका नवऱ्याच्या हातातून हातोडी काढून घ्यायच्या. त्या भिंतीला चाळणीसारखी भोकं पडली होती, आणि खिळा मारलेलं जोडपं बुकिंग न करता गेल्याचं मला आठवत नाही. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

तळ्याकाठची साइट कुपवाडच्या पलीकडे माळावर होती. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि ती घरं आता माझ्या मालकांची नाहीत, तिथं राहणाऱ्यांची आहेत. गावाला जुना तलाव होता. त्याच्या एका अंगाला मालकांनी जमीन घेतली आणि जोडघरांच्या सहा ओळी बांधल्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं दुचाकी लावायला जागा. शहरातल्या मानानं स्वस्त. घेणारी माणसं सगळी तरुण. कारखान्यात यंत्रावर काम करणारी मुलं, परिचारिका, मोबाइल दुरुस्तीवाले, नवरा सैन्यात असलेल्या एकट्या राहणाऱ्या मुली. बहुतेकांच्या घराण्यात शहराजवळ स्वतःचं घर घेणारं ते पहिलंच माणूस. सहावी ओळ तळ्याला सगळ्यात जवळची. तिथल्या चारही घरांतून दार उघडलं की पाणी दिसायचं. म्हणून मी ती घरं मागं ठेवली होती, शेवटी चांगल्या किमतीला जातील म्हणून.

त्या माळावर मल्लव्वा नावाची म्हातारी सहा शेळ्या घेऊन यायची. दुपारी आमच्या पत्र्याच्या सावलीला बसायची, माझ्याकडचं पाणी प्यायची. एक दिवस सहाव्या ओळीचे पाये खणलेले बघून ती मला म्हणाली, "बाई, ही लोकं पाण्याच्या वाटंवर झोपणार व्हय?"

मी विचारलं, कसली वाट. ती मला घेऊन गेली. तलाव भरला की जादा पाणी बाहेर पडायला एका कडेला दगडी उंबरा बांधलेला असतो, त्याला सांडवा म्हणतात. या तलावाचा सांडवा घाणेरीच्या झुडपांत बुजला होता. मल्लव्वानं काठीनं झुडपं बाजूला केली आणि घडीव दगड दाखवले. तिथून निघणारा ओढा पूर्वी कुठून जायचा तेही ती चालत दाखवत गेली. ओढ्यात मुरूम भरून मालकांनी बाग आखली होती. बागेच्या पुढं सहावी ओळ. मल्लव्वा म्हणाली की तिच्या थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी इथून एक बैल वाहून गेला होता.

म्हणजे मला कुणी नुसतं सांगितलं नव्हतं. मी ते दगड डोळ्यांनी बघितले होते.

मी मालकांना बोलले. माझे मालक वाईट माणूस नव्हते. गवंडीकामापासून वर आलेले, कामगारांची पोरं शाळेत जातात का ते विचारणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आपण आल्यापासून हा सांडवा एकदाही वाहिलेला नाही, या भागात एवढा पाऊस आहे कुठं, आणि खबरदारी म्हणून बागेखालून सिमेंटचा पाइप टाकलाय. कुणी फारच खोलात विचारलं तर माझ्याकडे पाठवा. हे शेवटचं वाक्य ते स्पष्ट बोलले होते. मला खोटं बोलायला त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

ओळ बांधून झाल्यावर एका रविवारी एक शिक्षक सहाव्या ओळीतलं घर बघत असताना मल्लव्वा तिथं होती. तिनं त्यांनाही बैलाची गोष्ट सांगितली. शिक्षकांनी मला नमस्कार केला आणि गाडीला किक मारली. मला फार राग आला. शनिवारी ती पाणी प्यायला आली तेव्हा मी तिला चहा दिला आणि गोड आवाजात म्हटलं की रविवारी शेळ्या पलीकडच्या अंगाला न्या, इथं येणाऱ्यांना शेळ्यांचा त्रास होतो.

तिनं शेळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शेळ्या काय बोलत न्हाईत, बाई," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती रविवारी आली नाही. हळूहळू इतर दिवशीही यायची थांबली.

अश्विनी आणि विनायक आले ते त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. विनायक कुपवाडला एका कारखान्यात यंत्रावर सुटे भाग कापायचा. अश्विनी मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात होती. ती जतकडच्या गावातली. लहानपणी टँकर आला की शाळेतून सोडायचे आणि घागर घेऊन पळायचं, हे तिनं ओळख झाल्या झाल्या सांगितलं. पाच ओळी दाखवून मी त्यांना सहाव्या ओळीशी आणलं. अश्विनी घरात गेलीच नाही. सरळ पाण्यापाशी गेली, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसली. बराच वेळ बसली. विनायक मला म्हणाला, "मॅडम, आता ही दुसरं घर बघायची न्हाई."

विनायकची नजर मात्र यंत्रावरची होती. त्यानं बागेत टाच दाबून बघितली आणि विचारलं, इथं भर घातलीय का. मी म्हटलं, झाडांसाठी माती टाकलीय. तेवढ्यात अश्विनी ओल्या पायांनी वर आली. दुष्काळी गावातल्या मुलीला तळी, बंधारे, पाटाचं पाणी यातलं बरंच कळतं. तिनं तलावाकडे बघत अगदी सहज विचारलं, "मॅडम, तळं भरल्यावर पाणी कुठनं जातं?"

मी हात उचलला आणि गावाच्या बाजूला दाखवला. म्हटलं, "तिकडनं. जुनी वाट आहे त्याची. इकडं काही संबंध नाही."

एवढंच. मालकांकडे पाठवलं असतं तर ते काय बोलले असते, मला माहीत नाही. कदाचित खरं बोलले असते. मी पाठवलं नाही. पुढं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं की का. त्या क्षणी कमिशन डोक्यात नव्हतं, हे खरं आहे. मला ती मुलगी आवडली होती आणि तिला ते घर मिळावं असं वाटत होतं, हेही खरं आहे. पण सगळ्यात खरं हे की त्या शिक्षकांचं जाणं माझ्या मनाला लागलं होतं. एवढी वर्षं घरं विकणारी बाई, आणि एका शेळ्यावाल्या म्हातारीनं माझं गिऱ्हाईक घालवलं. पुन्हा ते होऊ द्यायचं नव्हतं. मी त्यांना नमुन्याच्या घरात नेलं. अश्विनीनं खिळा मारला.

वास्तुशांतीला मी गेले होते. अश्विनीनं माझी ओटी भरली, खण दिला आणि त्या दिवसापासून मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागली. तिथल्या रहिवाशांचा फोनवरचा ग्रुपही मीच सुरू करून दिला. नळ गळतोय, कचऱ्याची गाडी आली नाही, कुणाची मांजर हरवली, सगळं त्यावर यायचं. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी तळ्याचा फोटो टाकायचं. बहुतेक वेळा अश्विनीच.

दोन पावसाळे कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस असा लागला की चार दिवस उघडीप नाही. मी तेव्हा साताऱ्याला होते, मालकांचं तिथं नवीन काम सुरू झालं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला ऑफिस उघडून बसले आणि फोनवर फोटो यायला लागले. बाग दिसत नव्हती. बागेच्या जागी लाल पाणी धावत होतं. पाइप कचऱ्यानं तुंबला होता आणि पाणी त्याच्यावरून, सहाव्या ओळीच्या चारही घरांच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दारानं बाहेर पडत होतं. एका फोटोत अश्विनीच्या सासूबाई स्वयंपाकाच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांचा एक पाय अधू होता, महिन्यापूर्वीच त्या गावाहून राहायला आल्या होत्या. पदर नीट घेऊन, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कुणाकडे पाहुण्या आल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांच्या खाली गुडघाभर पाण्यात पिठाचा डबा तरंगत होता.

कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पहिल्या ओळीतल्या मुलांनी सासूबाईंना उचलून नेलं, दुपारी पाणी ओसरलं. पण त्या आधी, पाणी घरात असतानाच, अश्विनीचा मला वेगळा निरोप आला होता. तो मला पाठ आहे. "ताई, इंजिनिअर फोन उचलत नाहीत. हे पाणी कुठून आलं कळत नाही. तुम्हाला माहीत नसणार, पण जुना नकाशा कुणाकडे असेल का?"

तुम्हाला माहीत नसणार. ते शब्द मी दोन-तीनदा वाचले. मग ग्रुपवर लोक एकमेकांना विचारायला लागले की घरं दाखवताना कुणी काही सांगितलं होतं का. कुणीतरी माझं नाव घेतलं. मी ग्रुप सोडला. ग्रुप सोडला की तसं तिथं सगळ्यांना दिसतं, हे मला माहीत होतं. तरी सोडला. अश्विनीचा फोन आला तो उचलला नाही. आठवडाभरानं मीच केला आणि म्हटलं, साताऱ्यात रेंज नव्हती. ती म्हणाली, हो ताई, तिकडंबी लय पाऊस होता म्हणं. तिला त्यात संशय घ्यावा असं काहीच वाटलं नाही.

नोव्हेंबरात तिनंच पुन्हा फोन केला. सासूबाई गावी परत गेल्या होत्या, त्यांना त्या घरात झोप लागत नव्हती. विनायक म्हणत होता घर विकू. तिनं विचारलं, ताई, हे काम तुमच्याइतकं कुणाला जमणार?

मी लगेच हो म्हटलं. आणि आता लिहितानाही ज्याची लाज वाटते ती गोष्ट ही, की मला त्या दिवशी हलकं वाटलं. मी ठरवलं की एक पैसा न घेता हे घर विकून देईन, त्या दोघांना मोकळं करीन, म्हणजे माझ्याकडून फेड होईल. ते घर घेणारं जे कुणी असेल, त्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. फेडीच्या आनंदात मी पुन्हा तेच करायला निघाले होते.

डिसेंबरात गिऱ्हाईक मिळालं. फलटणचा ओंकार आणि त्याची बायको दीपा. लग्नाला सहा महिने झालेले. त्याला कुपवाडला नोकरी लागली होती. मी त्यांना सांगलीच्या स्टँडवरून माझ्या गाडीतून नेलं, साडेचार वाजता. तळं काठोकाठ भरलेलं होतं. विनायक दुसऱ्या पाळीला गेला होता, अश्विनी एकटी घरी होती. तिनं घराला नवा रंग दिला होता, शिरा केला होता. दीपानं घर फिरून बघितलं, पुढच्या दारात येऊन पाणी बघितलं, नवऱ्याकडे बघून हसली. मला ते हसणं ओळखीचं होतं. दोघांनी काहीच विचारलं नाही. पाण्याबद्दल नाही, भरावाबद्दल नाही. टोकन कधी द्यायचं, एवढंच ओंकारनं विचारलं.

अश्विनी चहा ठेवायला आत गेली होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "थांबा. एक दाखवायचं राह्यलं."

तिनं भिंतीतलं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातल्या चादरी बाहेर काढल्या. कपाटाच्या आत रंग दिलेला नव्हता. तिथं आडवी तपकिरी रेघ होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर. अश्विनी सरळ आवाजात म्हणाली, "यंदा हितपर्यंत पाणी आलं. सकाळी आलं, दुपारी गेलं. पुना येईल का न्हाई, मला सांगता येणार न्हाई. तुमी इचारलं न्हाई, पण आमी सांगायला पायजे."

तिला ते घर विकायचं होतं. तिच्यावर हप्ते होते, सासू घर सोडून गेली होती, नवरा रोज विकायचंच म्हणत होता. समोर घेणारी माणसं तयार बसली होती. आणि विचारलं कुणीही नव्हतं.

दीपानं रेघेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. "मॅडम, गाडीत तुम्ही एवढं बोललात. हे बोलला नाहीत. तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या आधी अश्विनीच बोलली. "हितं पाणी येतंय हे आमाला घर दावताना त्यास्नी काय ठाऊक? त्यास्नीबी कुणी सांगितलं न्हवतं. ताईंनी फसवलं असं मनात आणू नका."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. तिनं मला झाकून घेतलंच होतं. पण ती उभी होती, हातात चादरी होत्या, आणि माझ्यासाठी त्या परक्या मुलीशी वाद घालायच्या तयारीत होती. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मला माहीत होतं."

अश्विनीला आधी कळलं नाही. तिला वाटलं मी यंदाच्या पावसाबद्दल बोलतेय. ती म्हणाली, फोटो बघितले म्हणून ना. मी म्हटलं, "नाही. तुम्ही घर घेतलंत त्याच्या आधीपासून. मी सांडवा बघितला होता. तू विचारलंस तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे हात दाखवला."

तिनं चादरी घडी मोडू न देता कपाटात परत ठेवल्या. कपाट लावलं. आत जाऊन चहा गाळला आणि चार कप घेऊन आली. आधी त्या दोघांना दिला, मग मला. मी तो घेतला. का घेतला कुणास ठाऊक, पण नको म्हणायचा अधिकार मला उरला नव्हता असं वाटलं. चहा फार चांगला झाला होता. ओंकार आणि दीपा उठले, आम्ही रिक्षानं जाऊ म्हणाले. अश्विनीनं त्यांना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "या हं परत."

मग ती माझ्याकडे वळली. आपल्याकडे घरातून निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. वैऱ्यालासुद्धा या म्हणतात. अश्विनी मला म्हणाली, "जावा आता."

चार दिवसांनी विनायकचा फोन आला. त्यानं आवाज चढवला नाही. रहिवाशांनी सरकारी कचेरीत तक्रार दिली होती, पण ओढा कधी होता हेच कागदावर सिद्ध होत नव्हतं. त्यानं विचारलं, मॅडम, तुम्ही बघितलंय ते लिहून द्याल का. मी दिलं. मल्लव्वासोबत मी सांडवा पाहिल्याचं, मालकांना सांगितल्याचं, आणि गिऱ्हाइकांपासून लपवल्याचं. मालकांनी मला बोलावून एवढंच विचारलं की मॅडम, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं होतं का. मी म्हटलं, नाही, तेही लिहिलंय. त्या दिवशी माझी नोकरी संपली. त्यांनी काढलं असंही नाही. मीच किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

जागेची पाहणी झाली तेव्हा मला बोलावलं होतं. रविवार होता, रहिवाशांनीच मागून घेतलेला, कारण बाकी दिवशी सगळे कामावर असतात. विनायकनं वस्तीवर जाऊन मल्लव्वाला शोधून आणलं होतं. ती आता फार थकली होती. मला बघून ती जागीच उभी राहिली आणि म्हणाली, "आज ऐतवार हाय, बाई. आले तर चालतंय न्हवं?"

तिनं ते टोमण्यानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं चालायला लागली. सांडव्याच्या दगडांपासून निघाली, बागेतून, झोपाळ्याच्या खालून, सहाव्या ओळीच्या कडेनं, थेट रस्त्यापलीकडच्या ओघळापर्यंत. तिच्या मागून विनायक घमेल्यातली चुन्याची फक्की टाकत चालला. ती मध्येच थांबून विचार करायची, दोन पावलं डावीकडे सरकायची, पांढरी रेघही सरकायची. पन्नास-साठ माणसं बाजूला उभी राहून बघत होती. सरकारी माणसानं त्या रेघेचे फोटो काढले.

बाग काढून टाकली. ओढा मोकळा केला, कडेला दगडी भिंत बांधली. थोडा खर्च मालकांनी सोसला, थोडा रहिवाशांनी. पुढच्या वर्षी सांडवा पुन्हा वाहिला तेव्हा पाणी आपल्या वाटेनं गेलं, सहाव्या ओळीच्या पायरीला लागून. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. अश्विनी आणि विनायकनं घर विकलं नाही. सासूबाई परत आल्या का, ते मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. दीपा आणि ओंकार सांगलीतच भाड्यानं राहतात असं ऐकलं.

आता मी घरीच असते. ओळखीतली माणसं अजून फोन करतात, अमुक ठिकाणी घर घेऊ का विचारतात. मी त्यांना पावसाळ्यात जाऊन बघा म्हणते, आणि तिथल्या शेळ्या राखणाऱ्याला विचारा म्हणते. ते हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. मिरजेच्या त्या दवाखान्यात अश्विनी आहे हे मला माहीत होतं. दुसरीकडे जाता आलं असतं. तिची सुट्टी असेल असं स्वतःला सांगत मी गेले. नंबर आला, पडदा सरकवून आत गेले, तर खुर्चीसमोर तीच होती. केस मागं बांधलेले, हातात मोजे. तिनं मला बघितलं. मग कागद पुढं ओढून नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. तिनं दोन्ही लिहून घेतलं.

माझ्या दंडाला तिनं पट्टा बांधला आणि मूठ आवळायला सांगितली. माझी शीर पटकन सापडत नाही. दुसऱ्या ठिकाणी दोन-तीनदा टोचतात. तिनं घाई केली नाही. बोटानं चाचपत राहिली, सापडल्यावर कापूस फिरवला, सुई उचलली आणि थांबून माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"थोडं दुखंल," ती म्हणाली.

तेवढंच दुखलं.